नव्याण्णव टक्के, मुक्काम पोस्ट बीकर

मेथिलीन ब्लू या रंगाची आम्हाला मनापासून कीव येते. जगात इतका छळ दुसऱ्या कुठल्या रंगाचा झाला नसेल. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या रसायनशास्त्र विभागात कुणीतरी तो मिलिग्रॅममध्ये तोलतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवतं, वर चिमूटभर काळी पूड टाकतं आणि बीकर शेकरवर ठेवून चहाला जातं. परत येईतो पाणी नितळ. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर 664 नॅनोमीटरवर लावायचा आणि आकडा लिहून घ्यायचा: नव्याण्णव टक्के रंग गायब. शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचा प्रश्न सुटलेला असतो. नदीला कळवायचं तेवढं राहून जातं.

काळी पूड कशाची, यात मात्र आपल्या कल्पकतेला तोड नाही. केळीची साल, संत्र्याची साल, उसाचं चिपाड, नारळाची शेंडी, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा, चिंचोके. जाळा, वाटा, चाळा, नावापुढे ‘नॅनो’ लावा. ज्यांच्याकडे अनुदान आहे ते कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीन ऑक्साइड मागवतात, ज्यांच्याकडे नाही ते कँटीनच्या मागच्या डब्यात हात घालतात. निष्कर्ष दोघांचेही सारखेच. लँगम्युअरचं 1918 सालचं समीकरण ‘उत्तम जुळतं’, वेग ‘स्यूडो सेकंड ऑर्डर’चा निघतो आणि पूड पाच वेळा वापरली तरी तिची क्षमता ‘लक्षणीयरीत्या’ घटत नाही. सहाव्यांदा काय होतं हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही.

यात एका फोटोचीही प्रथा आहे. कार्बनच्या पुडीत लोखंडाचं ऑक्साइड मिसळायचं, म्हणजे ती चुंबकाकडे धावते. काचेची कुपी, शेजारी चुंबक, एका भिंतीला चिकटलेला काळा डाग आणि उरलेलं पाणी आरशासारखं. हा फोटो आम्ही इतक्या निबंधांत पाहिला आहे की कुपी सगळ्यांनी मिळून एकच ठेवली असावी, अशी आमची समजूत झाली आहे. दिवसाला दहा लाख लिटर पाण्यासाठी चुंबक केवढा लागेल आणि तो कुणी धरायचा, हे फोटोच्या चौकटीत मावत नाही.

आता ज्याच्यावर एवढा राग काढायचा तो मेथिलीन ब्लू कोण, तेही पाहू. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावर क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून उभा राहिला. वीस वर्षांनी, 1876 साली, जर्मनीत बीएएसएफच्या हाइनरिश कारोनं मेथिलीन ब्लू बनवला. आणि 1891 साली पाउल एर्लिख यांनी तोच मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा गुणही आला. म्हणजे पर्किनला जे हवं होतं ते रंगाच्याच बाटलीतून आलं, फक्त दुसऱ्या. आजही रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहीनासं झालं, तर डॉक्टर रुग्णाच्या शिरेत हाच निळा रंग मोजून सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे. निबंधांच्या प्रस्तावनेत मात्र तो अट्टल गुन्हेगार: उलट्या, मळमळ, धडधड आणि पर्यावरणाचा सर्वनाश. डोस जास्त झाला तर त्रास होतो, हे खरंच आहे. पण मुळात या इसमाची धरपकड चुकीच्या वस्तीत चालली आहे.

कारण इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुती कापड मेथिलीन ब्लूनं कुणी रंगवत नाही.

सुती कापडाला लागतात रिॲक्टिव्ह रंग. 1956 साली ब्रिटिश कंपनी आयसीआयनं ते बाजारात आणले. हा रंग धाग्याशी थेट रासायनिक बंध करतो, म्हणून धुतला तरी उतरत नाही आणि तुमच्या आमच्या शर्टाची कॉलर झिजते पण रंग राहतो. भानगड अशी की हौदात धाग्याबरोबर पाणीही असतं, आणि रंग पाण्याशीही बंध करतो. पाण्याशी एकदा जुळला की तो धाग्याच्या उपयोगाचा उरत नाही, थेट नाल्यात जातो. रंगाची जात आणि छटा पाहून हे प्रमाण दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे गडद लाल साडी नेसलेल्या बाईच्या मागून तिच्या रंगाचा एक हिस्सा इचलकरंजीच्या पंचगंगा नदीच्या दिशेनं आधीच चालू लागलेला असतो.

मेथिलीन ब्लूच्या अंगावर धन विद्युतभार असतो. ग्राफीन ऑक्साइडच्या अंगावर ऋण. दोघं भेटताक्षणी एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि आकडा नव्याण्णव येतो, यात संशोधकाचं कौतुक कमी आणि विजेचं जास्त. रिॲक्टिव्ह रंगावर सल्फोनेटचे गट असतात, म्हणजे तोही ऋण. ऋणाला ऋण ढकलतं. पाणी आम्लधर्मी केलं तर थोडं जमतं, पण रंग पक्का करायला हौदात सोडा टाकलेला असतो, तेव्हा खरं सांडपाणी कडक अल्कधर्मी येतं. पुडीवर अमाइनचे गट चढवून तिला धन करता येतं, त्यावरही काम झालेलं आहे, चांगलं झालेलं आहे. पण त्यात खटपट आहे आणि आकडा नव्वदीच्या खाली घसरण्याचा धोका आहे. प्राध्यापकांच्या ‘कॅस’ योजनेतून बढती घ्यायची, कॉलेज तपासणाऱ्या ‘नॅक’ची समिती दारात, अशा वेळी कोण घसरतो?

कार्बनशी आमचं वैर नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. उलट हे मूलद्रव्य म्हणजे गुणी लेकरू. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन घ्या: एका ग्रॅमच्या आत हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. ग्राफीनचा एकच थर पूर्ण मोकळा मिळाला, तर हिशेब 2,630 चौरस मीटरवर जातो. आपल्या मापात सव्वीस गुंठे. एका ग्रॅमला सव्वीस गुंठे, आणि सातबारा कोणाच्याच नावावर नाही. ही बातमी अजून बिल्डरांपर्यंत पोचलेली दिसत नाही. या जागेवर रंगाचे रेणू येऊन चिकटतात. रंगाच्या रेणूत सपाट कड्या असतात, कार्बनच्या थरातही सपाट कड्या. त्या एकमेकींवर बसतात. भार जुळला तर आणखी घट्ट बसतात. याला पुस्तकात अधिशोषण म्हणतात. 1991 साली जपानमध्ये सुमिओ इजिमांनी कार्बनच्या नळ्यांचा निबंध छापला, 2004 साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून लावून थर सोलले आणि 2010 साली त्यांना नोबेल मिळालं. चिकटपट्टीच्या खर्चात नोबेल काढणारे लोक सरकारी ऑडिटमध्ये कसे तरले असते, हा वेगळा विषय.

मँचेस्टर म्हटल्यावर इचलकरंजी आलीच. शाळेपासून आपण घोकतो, महाराष्ट्राचं मँचेस्टर. खऱ्या मँचेस्टरनं जगाला ग्राफीन दिलं. आमच्या मँचेस्टरनं जगाला कापड दिलं आणि स्वतःला टँकर. गावाला खेटून पंचगंगा वाहते. तिचं पाणी पिण्यासारखं उरलं नाही म्हणून कृष्णेवरून, मजरेवाडीहून, नळ आणला. तेही पुरेना तेव्हा वारणेकडे पाहिलं, तर दानोळीचे लोक आडवे उभे राहिले. मग दूधगंगेकडे पाहिलं, सुळकूडची योजना निघाली, तर दूधगंगाकाठ आडवा उभा राहिला. त्यांचंही बरोबर आहे. ज्यानं उशाशी असलेली नदी संपवली, त्याला आपली नदी कोण देईल? 2022 साली इचलकरंजीची महानगरपालिका झाली. नळाला पाणी मात्र नगरपालिकेच्याच वेळापत्रकानं, काही दिवसांआड येतं. चार नद्यांची नावं एका पाणीपुरवठ्याच्या फाइलीत असलेलं दुसरं शहर दाखवा, आम्ही सत्कार करू.

इथे प्रोसेस हाऊसवाल्यांच्या बाजूनं दोन वाक्यं लिहायला हवीत, नाहीतर ते म्हणतील सदरवाल्यानं एकट्यालाच धुतलं. पंचगंगेची घाण काही एकट्या रंगाची नाही. कोल्हापूरपासून खालपर्यंतच्या गावांचा मैला आहे, साखर कारखाने आहेत. 2012 साली इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ती रंगानं नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यानं गेली. पण मैल्याचा फोटो पेपरात छापत नाहीत. रंगाचा छापतात, तोही पान एकवर. रंगाची खोडच अशी की लिटरला एखादा मिलिग्रॅमसुद्धा डोळ्याला दिसतो. 2017 साली तळोज्यात कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली, फोटो देशभर फिरला, प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखान्याला कुलूप लावलं. 2020 साली डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, बातमी थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. त्या कुत्र्यांनी जे साधलं ते तक्रार अर्जांना साधलं नव्हतं. बिनरंगाचं विष पिऊन तीच कुत्री मेली असती, तर पंचनामासुद्धा झाला नसता.

यातून उद्योगानं योग्य तो धडा घेतला: घाण काढायला पैसे लागतात, रंग काढायला कमी लागतात. मग ब्लीचिंगचं द्रावण ओता, रंग उडतो. कुठे जातो? कुठेच नाही. रेणू मोडतो, तुकडे पाण्यातच राहतात, वर क्लोरिनही लागतो. बाजारातल्या निम्म्याहून जास्त रंगांत नायट्रोजन-नायट्रोजनची जोडी असते, त्यांना ॲझो रंग म्हणतात. प्राणवायू नसलेल्या टाकीत जिवाणू ही जोडी तोडतात, पाणी फिकट होतं, आणि मागे ॲरोमॅटिक अमाइन उरतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण होणारी म्हणून जगभर बदनाम आहेत. ती दिसत नाहीत, त्यामुळे निरीक्षकालाही दिसत नाहीत. नितळ पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की बैठक खेळीमेळीत संपते.

कायदा काय म्हणतो? पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांमध्ये रंगापुढे आकडाच नव्हता. तिथे लिहिलंय, रंग आणि दुर्गंधी शक्य असेल तितकी काढण्याचे सर्व प्रयत्न करावेत. लग्नपत्रिकेच्या तळाला ‘कृपया आहेर आणू नये’ लिहितात, त्याच जातीचं हे वाक्य. ते पाळलं नाही म्हणून मांडवातून कुणाला बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. 2016 मध्ये कापड उद्योगासाठी एकदाचा आकडा आला: प्लॅटिनम-कोबाल्ट मापावर 150. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ते माप काय आहे ते पाहिलं. 1892 साली ॲलन हेझन नावाच्या अमेरिकी माणसानं नैसर्गिक पाण्याचा पिवळेपणा मोजायला ते केलं होतं. पानं कुजून पाण्याला चहासारखी झाक येते ना, त्यासाठी. त्या पिवळ्या पट्टीवर आम्ही आता गुलाबी, निळं आणि मोरपंखी पाणी मोजतो. मोरपंखी पाणी किती पिवळं आहे, याचा अहवाल तीन प्रतींत.

परत बीकरकडे येऊ, कारण तिथला हिशेब कुणी मांडत नाही. समजा, एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात दिवसाला दहा लाख लिटर पाणी येतं आणि लिटरला शंभर मिलिग्रॅम रंग आहे. झाला दिवसाचा शंभर किलो रंग. समजा, पूड फार हुशार आहे आणि एका ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅम रंग धरते. म्हणजे रोज पाचशे किलो पूड. अर्धा टन. रोज. नॅनोट्यूब बाटलीतून ग्रॅमच्या भावानं येतात. प्रोसेस हाऊसचा मालक मीटरमागे पैशापैशानं भांडून ऑर्डर मिळवतो. त्याच्यासमोर हे कोटेशन ठेवायची हिंमत असलेला सेल्समन आम्हाला भेटायचाय. आणि संध्याकाळी पूड अधिक रंग मिळून सहाशे किलो काळा-निळा चिखल. तो कुठे टाकणार? कायद्यानं घातक कचरा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांत नेऊन पुरायचा. कार्बननं रंग नष्ट केलेला नसतो, फक्त पाण्यातून उचलून स्वतःकडे ठेवलेला असतो. अल्कोहोलनं किंवा आम्लानं पूड धुतली तर ती पुन्हा वापरता येते आणि धुतलेल्या बादलीत आधीपेक्षा दाट रंग मिळतो. निबंधात याला ‘पुनर्निर्मिती’ म्हणतात. बादलीचं काय करायचं ते लिहिलेलं नसतं.

ग्राफीन ऑक्साइड तयार कसं होतं, हा तर आमचा आवडता भाग. बहुतेक जण अजून हमर्स आणि ऑफमन यांची 1958 सालची कृती थोडीफार फिरवून वापरतात. मूळ पाककृती अशी: शंभर ग्रॅम ग्राफाइट, दोन लिटर तीनशे मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल, तीनशे ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, पन्नास ग्रॅम सोडियम नायट्रेट. शिजवताना नायट्रोजनचे विषारी वायू निघतात. झाल्यावर चिखल धूत राहायचा, पाण्यावर पाणी, आम्ल जाईपर्यंत. ते धुवण, आम्लाचं आणि मँगनीजचं, बेसिनमधून खाली जातं. म्हणजे एका बीकरमधलं निळं पाणी स्वच्छ करायला शेजारच्या बेसिनमधून आंबट पाणी सोडायचं. दोन्ही पाणी पुढे एकाच नाल्याला मिळतात, आणि निबंधाला फक्त पहिलं मोजायची सक्ती असते.

नळ्यांची आणखी एक गोष्ट, चेष्टा बाजूला ठेवून. लांब, ताठ नॅनोट्यूबचा आकार ॲस्बेस्टॉसच्या तंतूसारखा असतो. 2008 साली उंदरांवरच्या प्रयोगात अशा लांब नळ्यांनी पोटाच्या अस्तराला ॲस्बेस्टॉससारखाच दाह केला. 2014 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्यांतल्या एका प्रकाराला माणसात कर्करोग घडवू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांत बसवलं. सगळ्या नळ्या तशा नाहीत. पण पाण्यात सोडलेली पूड शेवटच्या कणापर्यंत परत मिळते का, हा प्रश्न रंगाच्या टक्क्यांपेक्षा आधी विचारायला हवा. तो शेवटच्या पानावर, ‘भावी संशोधनाची दिशा’ या मथळ्याखाली ठेवलेला असतो. तिथे ठेवलेल्या गोष्टी सहसा तिथेच राहतात.

नॅनो म्हणजे नुसता देखावा, असं आम्ही म्हणत नाही. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांनी लोखंडाच्या नॅनो पदार्थापासून पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढणारे फिल्टर केले, ते पश्चिम बंगालसारख्या आर्सेनिकग्रस्त भागांत प्रत्यक्ष गेले, लोक ते पाणी पितात. तिथे जमलं याला कारण आहे. माणूस पितो ते पाणी थोडं, त्यातलं आर्सेनिक आणखी थोडं, आणि पदार्थ स्वस्त. रंगकामाच्या हौदाचं सगळंच उलटं: पाणी अफाट, रंग भरपूर, शिवाय त्यात पिष्ट, साबण, सोडा आणि मीठ. पुडीच्या सव्वीस गुंठ्यांवर रंगाआधी साबणच अतिक्रमण करून बसतो.

आणि मीठ. गडद छटेला लिटरमागे पन्नास ग्रॅम आणि त्याहून जास्त मीठ लागतं, त्याशिवाय रिॲक्टिव्ह रंग धाग्याकडे जात नाही. हे सगळंच्या सगळं नाल्यात येतं. कार्बनची कुठलीही पूड, नळी, थर किंवा साल टाका, मीठ जागचं हलत नाही. रंग गेलेलं, नितळ, नव्याण्णव टक्के स्वच्छ झालेलं ते पाणी उसाला सोडा आणि पाच वर्षांनी जमीन पाहा. शिरोळच्या शेतकऱ्याला खारवट जमीन म्हणजे काय हे समजावून सांगायला आलेख लागत नाही. रंगावर जगभर हजारोंनी निबंध निघतात, मिठावर त्या मानानं कुणाचं प्रेम नाही, कारण मीठ फोटोत येत नाही.

तमिळनाडूत तिरुपूरला हा खेळ एकदा शेवटपर्यंत खेळून झालाय. तिथे नोय्यल नदीवर 1992 साली ओरथुपाळयमचं धरण बांधलं, शेतीसाठी. काही वर्षांत त्यात रंगाचं खारं पाणी इतकं साठलं की खालचे शेतकरीच सांगू लागले, पाणी सोडू नका. ज्या धरणाचं पाणी मिळू नये म्हणून शेतकरी आंदोलन करतो, ते धरण पाहायला सहल काढायला हवी. वर्षानुवर्षं नोटिसा, मुदती, हमीपत्रं झाली. मग जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सातशेच्या वर रंगकाम कारखाने बंद करायला लावले. सरसकट. ओरड झाली, कामगार घरी बसले, काही धंदा दुसऱ्या गावांना पळाला, ते नुकसान खरं होतं. पण ज्यांना धंदा करायचा होता त्यांनी गाळणीचे पडदे बसवले, बाष्पीभवन करणारी यंत्रं बसवली, पाणी परत हौदात घेतलं आणि मीठसुद्धा परत वापरायला काढलं. सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, शून्य. खर्च येतो, वीज भरमसाठ लागते, शेवटी उरणाऱ्या क्षारांच्या गाळाचं काय करायचं हे तिथेही पुरतं सुटलेलं नाही. तरी नोंद अशी करावी की ते पडदे 2011 च्या आधीही बाजारात मिळत होते. जो पदार्थ घातल्यावर ही अभिक्रिया झाली, तो नॅनो नव्हता, न्यायमूर्ती होता.

आपल्याकडेही तंत्रज्ञान कमी नाही. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, नाक्यावर ऑनलाइन मीटर आहेत, मंडळ आहे, उपप्रादेशिक कार्यालय आहे, ‘कारणे दाखवा’ नोटिसांचा छापील नमुना आहे. याशिवाय एक बायपासही असतो. त्याचा नकाशा कुठल्याच फाइलीत नाही, पण गावातल्या पोराटोरांना तो पाठ असतो. रात्री दोनच्या सुमाराला त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. पावसाळ्यात दिवसाही उघडतो, पुराच्या पाण्यात सगळे रंग समान होतात. सकाळी मीटर पाहावा तर आकडे देवमाणसासारखे. जलपर्णी बाजूला सारून नमुना घ्यायला येणारा अधिकारी साडेदहाला कार्यालयात सही करून मग निघतो. तोपर्यंत पंचगंगेनं ते पाणी नरसोबाच्या वाडीला, कृष्णेच्या पदरात, घातलेलं असतं. घाटावर भाविक डुबकी घेतात, कमंडलू भरतात. सव्वीस गुंठे पृष्ठभागाचा पदार्थ रंग धरेल, शिसं धरेल, जमलं तर पारा धरेल. व्हॉल्व्हवरचा हात धरणारा पदार्थ अजून कुणी बनवलेला नाही, आणि त्यावर अनुदान मागणारा प्रस्तावही आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा कार्बनवाल्या मंडळींना आमचा सल्ला, फुकट आहे म्हणून ऐकून घ्यावा. कार्बनची जागा ओळीत शेवटी आहे. आधी गाळ बसवा, जिवाणूंना त्यांचं काम करू द्या, पडद्यातून गाळा, आणि मग जो थोडा हट्टी रंग उरतो त्यावर साध्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर द्या. तो पोत्यानं मिळतो आणि भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो. तुमची नळी किंवा तुमचा थर त्या पोत्यापेक्षा रुपयागणिक सरस ठरतो का, हे दाखवा. ठरला तर आम्ही याच जागेवर जाहीर माफी मागू, निळ्या शाईत. मेथिलीन ब्लूला मात्र आता सोडा. त्या बिचाऱ्याला इस्पितळात काम आहे.

संपादक आणि गाइड लोकांनाही एक विनंती. डिस्टिल्ड वॉटरवरचा नव्याण्णवचा निबंध परत पाठवा. पोराला वीस लिटरचा कॅन द्या, एसटीत बसवा, प्रोसेस हाऊसमागच्या नाल्यावर पाठवा. मीठ, साबण, पिष्ट, सगळ्यासकट ते पाणी आणू दे आणि त्यावर पूड टाकू दे. आकडा बारा टक्के आला तरी छापा. बारा टक्क्यांचा खरा निबंध आम्ही विकत घेऊन वाचू. फक्त कॅन भरायची वेळ रात्री दोनची ठेवा.